मितेची हद्द

स्पेनने दक्षिण अमेरिका जिंकली हा इतिहास आपल्याकडे दोन-तीन नाट्यमय प्रसंगांपुरताच वाचला जातो. १५३२ साली काहामार्का येथे पिझारोने दोनशेहूनही कमी माणसांनिशी इंका सम्राट आतावाल्पा यास कैद केले, सुटकेचे मोल म्हणून सोन्याने खोली भरून घेतली आणि पुढील वर्षी त्याला ठारही केले. प्रसंग खरा आहे आणि चटका लावणाराही आहे. परंतु आयुष्याची बरीच वर्षे कचेरीत आणि दौऱ्यावर घालविलेल्या माणसाला त्यापुढचा प्रश्न अधिक छळतो. लढाई एका संध्याकाळी संपते. त्यानंतर तीनशे वर्षे कर कोणी वसूल केला, माणसांची गणती कोणी ठेवली, कोणत्या गावाने किती मजूर पाठवावयाचे हे कोणत्या वहीत लिहिले होते? आणि ती वही बंद होऊन दोनशे वर्षे लोटल्यावरही त्या गावांतील मुलांची उंची शेजारच्या गावांतील मुलांपेक्षा कमी का भरते?

हा शेवटचा प्रश्न अलंकारिक नाही. त्याकडे मी पुढे येईन.

वही सुरू करणाऱ्या गृहस्थांचे नाव फ्रान्सिस्को दे तोलेदो. १५६९ मध्ये ते पेरूचे व्हाइसरॉय म्हणून लिमा येथे आले. तोवर विजयाला पस्तीसएक वर्षे झाली होती, पण राज्य असे उभे राहिले नव्हते. विजेत्या सरदारांना गावेच्या गावे ‘सांभाळण्यासाठी’ वाटून दिलेली होती. ह्या पद्धतीस एन्कोमिएन्दा म्हणत. तिला आवर घालण्यासाठी राजाने १५४२ मध्ये नवे कायदे केले, तेव्हा पेरूतील स्पॅनिश सरदारांनी बंड केले आणि कायदा राबवू पाहणाऱ्या पहिल्याच व्हाइसरॉयचा १५४६ मध्ये रणांगणावर शिरच्छेद झाला. पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये सापडलेली चांदीची श्रीमंत शिर वरवरची तेवढी संपत आली होती. विल्काबाम्बाच्या जंगलात इंकांचा एक वंशज अद्याप गादी चालवीत होता. आणि ज्यांच्या श्रमावर हे सारे उभे राहावयाचे ते लोक देवीच्या आणि गोवराच्या साथींत मरत होते. नोबल डेव्हिड कुक ह्या अभ्यासकांच्या अंदाजाने आजच्या पेरूच्या प्रदेशात १५२० साली नव्वद लाखांच्या आसपास मूळ रहिवासी होते, ते १६२० पर्यंत सहा लाखांवर आले. आकड्यांबद्दल वाद आहेत, पण घसरणीच्या दिशेबद्दल नाहीत.

तोलेदोंनी काय केले? ते दौऱ्यावर निघाले. पाच वर्षे. लिम्याच्या राजवाड्यात बसून अहवाल मागविण्याऐवजी हा साठीकडे झुकलेला माणूस अँडीज पर्वतात कुस्को, पोतोसी, चुकिसाका असा हिंडला. सोबत निरीक्षक, दुभाषे, कायदेपंडित, पाद्री. गावोगावी पुरुषांची गणती झाली, वय लिहिले गेले, जमीन व जनावरे नोंदविली गेली. इंकांच्या काळी हिशेब दोऱ्यांच्या गाठींत ठेवला जाई. ह्या गाठींच्या दप्तराला किपू म्हणतात. तोलेदोंच्या निरीक्षकांनी गावच्या कुराकांना, म्हणजे आपल्या भाषेत वतनदार पाटलांना, हे किपू वाचावयास लावले आणि त्यांतील आकडे कागदावर उतरवून घेतले. पुढे १५८३ मध्ये लिम्याच्या धर्मसभेने मूर्तिपूजेशी संबंध असलेले किपू जाळण्याचा आदेश दिला. म्हणजे आधी दप्तराची नक्कल घेतली, मग मूळ दप्तर संशयित ठरविले. महसूल खात्यात काम केलेल्या माणसाने येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते.

तोलेदोंविषयी मला एक अस्वस्थ करणारा आदर वाटतो, हे कबूल करतो. त्यांच्याइतके तपशीलवार हुकूम काढणारे अधिकारी इतिहासात थोडे. खाणीत किती तास काम, मजुरी किती, प्रवासाचा भत्ता, जखमी मजुराची शुश्रूषा, कुराकाने काय करू नये, पाद्र्याने काय मागू नये, सगळे लिहिलेले. त्याच माणसाने १५७२ मध्ये विल्काबाम्बावर फौज पाठवून शेवटचा इंका तुपाक आमारू यास पकडून आणविले आणि धर्मगुरूंच्या विनवण्या झुगारून कुस्कोच्या चौकात त्याचे मस्तक उडविले. क्रौर्य आणि टापटीप ह्या दोन गोष्टी एका माणसात सुखाने नांदू शकतात.

त्यांच्या दोन योजना टिकल्या. पहिली, विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना नव्या आखीव गावांत आणून बसविणे. अशा गावाला रेदुक्सिओन म्हणत. सरळ रस्ते, मधोमध चौक, चौकात चर्च, नगरसभेची कचेरी, तुरुंग. घरांची दारे रस्त्याकडे, म्हणजे आत काय चालले आहे ते दिसावे. काही वर्षांत दहा लाखांहून अधिक माणसे अशी हलविली गेली. कारण दिले गेले ते धर्मशिक्षणाचे आणि सुव्यवस्थेचे. सोय झाली ती वसुलीची. ह्यात काय मोडले ते शतकांनी समजले. अँडीजमधील कुळे एकाच पट्टीत शेती करीत नसत. वर थंड माळावर लामांचे कळप, त्याखाली बटाटा, आणखी खाली मका, अगदी तळाच्या उष्ण दरीत कोका, अशी एकाच कुळाची जमीन उंचीउंचीवर विखुरलेली असे. एका पट्टीत हिमाने पीक मारले तर दुसरी तारत असे. जॉन मुर्रा ह्या मानववंशशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात जुन्या स्पॅनिश तपासणी-अहवालांतूनच ही व्यवस्था पुन्हा वाचून काढली. निरीक्षकाला जो पसारा दिसला तो वस्तुतः विमा होता. गाव एका जागी बांधले की दूरची शेते ‘पडीक’ ठरली आणि १५९० च्या दशकापासून राजाच्या तिजोरीसाठी अशा पडीक जमिनी पैसे भरणाऱ्याच्या नावे कायम करून देण्यात आल्या.

(बटाट्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. हे कंदमूळ अँडीजचे, पण आपला मराठी शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आला आहे, आणि मुळात तो रताळ्याचा आहे. कोलंबसाला प्रथम भेटलेले ते हे ताइनो. त्यांचा समाज अवघ्या दोन पिढ्यांत मोडून पडला. शब्द मात्र आपल्या बाजारात रोज उच्चारला जातो.)

दुसरी योजना मिता. केचुआ भाषेत ह्या शब्दाचा अर्थ ‘पाळी’. इंकांच्या राज्यात रस्ते, पूल, कोठारे ह्यांसाठी प्रत्येक कुळाने पाळीने माणसे द्यावीत असा रिवाज होता आणि त्या काळात राज्य त्यांना खाऊपिऊ घाली. तोलेदोंनी शब्द ठेवला, आशय बदलला. १५७३ पासून ठराविक प्रांतांतील अठरा ते पन्नास वयाच्या पुरुषांपैकी सातव्या हिश्श्याने दरवर्षी पोतोसीच्या चांदीच्या खाणीत किंवा वांकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीत जावयाचे. पोतोसीसाठी ही संख्या वर्षाला तेरा हजारांच्या पुढे होती. मजुरी ठरलेली होती, पण स्वेच्छेने काम करणाऱ्या मजुराला मिळे त्याहून ती पुष्कळ कमी. तितिकाका सरोवराकाठच्या चुकुइतोहून पोतोसीपर्यंतचा प्रवास सुमारे दोन महिन्यांचा. बायकामुले आणि धान्य लादलेले लामा घेऊन माणसे निघत. जाताना गावात त्यांच्यासाठी शोकविधी होत. खाणीचे तोंड समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून कितीतरी वर. आत चामड्याच्या दोरांच्या शिड्या, पाठीवर खनिजाचे ओझे, हातात मेणबत्ती.

चांदी मात्र निघाली. सतराव्या शतकाच्या आरंभी पोतोसीची वस्ती दीड लाखाच्या आसपास होती. तेव्हा युरोपातील थोड्याच शहरांत इतकी माणसे होती. ही चांदी सेव्हिलहून युरोपभर आणि तिथून तांबड्या समुद्राच्या व केपच्या वाटेने सुरतेस येई. तेथील मोगली टांकसाळीत आठ रियालांची नाणी वितळून रुपये पाडले जात. सतराव्या शतकात पश्चिम भारतात जो रुपया हातोहात फिरला त्यातील काही धातू तरी चुकुइतोच्या माणसांनी उपसलेला होता. आपला ह्या इतिहासाशी संबंध नाही असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

आता मूळ मुद्दा. सातवा हिस्सा हे प्रमाण पहिल्या गणतीवर बेतले होते. गणतीनंतर साथी आल्या, माणसे मेली, कितीतरी पळाली. यादी मात्र कायम राहिली. पळण्याला एक कायदेशीर कारणही होते. मिता ही गावाच्या मूळ रहिवाशावर होती. जो आपले गाव सोडून दुसरीकडे उपरा म्हणून राहील तो मितेतून सुटे. अशा उपऱ्यांना फोरास्तेरो म्हणत आणि सतराव्या शतकात काही प्रांतांत त्यांची संख्या मूळ रहिवाशांच्या बरोबरीला आली. सुटकेचे मोल मोठे होते. गाव सोडले की सामायिक जमिनीवरचा हक्क गेला, नातेसंबंधांचा आधार गेला. आणि जे राहिले त्यांच्यावर गेलेल्यांचा बोजा पडला. सात वर्षांची पाळी दोन-तीन वर्षांवर आली. संख्या भरून देण्याची जबाबदारी कुराकाची. माणूस देता आला नाही तर त्याने रोख द्यावे. खाणमालकांनाही हे सोयीचे, कारण खाण चालविण्यापेक्षा न आलेल्या मजुराचे पैसे खिशात घालणे किफायतशीर. अशा मजुरांना त्या काळी ‘खिशातले इंडियन’ असेच म्हणत. श्रमाची पाळी म्हणून सुरू झालेली गोष्ट शेवटी खाणमालकाला पोसणारा गावावरचा कर होऊन बसली.

हे माद्रिदला ठाऊक नव्हते असे नाही. १६७० च्या सुमारास लेमोसचे काउंट ह्या व्हाइसरॉयनी मिता रद्द करावी अशी स्पष्ट शिफारस केली. दरबाराने ती मानली नाही. १६८० च्या दशकात पालाताच्या ड्यूकनी नवी गणती करून उपऱ्यांनाही यादीत घेतले. सगळ्यांनी ओरड केली, आणि पुढच्या व्हाइसरॉयनी १६९२ मध्ये ती सुधारणा बव्हंशी मागे घेतली. तीन अधिकारी, तीन टिप्पण्या, आणि यादी जवळजवळ होती तशीच. ह्या प्रकाराला स्पॅनिश राज्यकारभारात एक रूढ सूत्र होते : आज्ञा मान्य आहे, अंमल करीत नाही. राजाचा हुकूम आला की अधिकारी तो हातात घेई, त्याचे चुंबन घेई आणि आपल्या डोक्यावर धरी. शब्दशः शिरसावंद्य. आणि मग स्थानिक परिस्थितीचे कारण नोंदवून तो बाजूला ठेवी. हे सूत्र केवळ ढोंग नव्हते. अज्ञानाने काढलेला हुकूम थोपविण्याची ती एक वैध वाट होती. पण इंडियनांच्या रक्षणार्थ काढलेले हुकूम ह्या वाटेने जितके गेले तितके वसुलीचे गेले नाहीत. लास कासास ह्या धर्मगुरूने १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे राजाने बोलाविलेल्या पंडितांपुढे इंडियनांच्या माणूसपणाची बाजू मांडली. एका साम्राज्याने स्वतःच्या विजयाच्या नैतिकतेवर चर्चा घडवावी ही गोष्ट खरोखर मोठी आहे. मिता त्यानंतर दोन तपांच्या आत सुरू झाली.

मूळ रहिवाशांकडूनही कागद गेला. फेलिपे ग्वामान पोमा ह्या अँडियन गृहस्थांनी, जे स्वतः एकेकाळी स्पॅनिश तपासनिसांचे दुभाषे होते, स्पेनच्या राजास उद्देशून सुमारे बाराशे पानांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात जवळजवळ चारशे चित्रे काढली. १६१५ च्या सुमारास तो पूर्ण झाला. त्याच्या शीर्षकातच ‘सुराज्य’ हा शब्द आहे. कोणता अधिकारी किती खातो, कोणता पाद्री कोणाला मारतो, हे सचित्र सांगून ते थांबत नाहीत. काय केले असता हे सुधारेल तेही सुचवितात. राजाने तो वाचल्याचा कोणताही पुरावा नाही. १९०८ मध्ये कोपनहेगनच्या राजग्रंथालयात एका जर्मन विद्वानास तो आढळला. आवक नोंद आणि कार्यवाही ह्यांत तीन शतकांचे अंतर.

दुसरा अर्ज १७७७ चा. कुस्कोच्या दक्षिणेकडील तिंता प्रांतातील कुराका होसे गाब्रिएल कोंदोरकांकी लिम्यास गेले आणि आपल्या गावांना पोतोसीच्या मितेतून सूट मिळावी म्हणून त्यांनी रीतसर विनंती केली. ती फेटाळली गेली. दरम्यान कोरेहिदोर, म्हणजे जिल्ह्याचा अधिकारी, गावकऱ्यांना खेचरे व कापड चढ्या भावाने सक्तीने विकत होता. हा व्यापार काही काळ कायदेशीरही होता. नोव्हेंबर १७८० मध्ये कोंदोरकांकींनी त्या कोरेहिदोरला पकडून फासावर दिले आणि तुपाक आमारू हे नाव घेऊन बंड उभारले. मे १७८१ मध्ये कुस्कोच्या त्याच चौकात त्यांचा कुटुंबीयांसमोर नव्हे, तर कुटुंबीयांचा त्यांच्यासमोर वध करण्यात आला आणि मग त्यांचा. बंडात आणि नंतरच्या सूडात मेलेल्यांचे अंदाज लाखापर्यंत जातात. शिक्षेच्या निकालपत्रात इंकांचा पोशाख, इंकांच्या स्मृतीची नाटके, शंख फुंकणे ह्या सर्वांवर बंदी आणि केचुआ भाषा मिटविण्याची आज्ञा होती.

मिता कादिस्च्या संसदेने १८१२ मध्ये रद्द केली. पेरू १८२० च्या दशकात स्वतंत्र झाला. येथपर्यंत वाचून निःश्वास टाकावा तर पुढची पाने वाईट आहेत. बोलिव्हार हे समतेचे पुरस्कर्ते; त्यांनी १८२४ मध्ये सामायिक जमिनी व्यक्तीव्यक्तींत वाटण्याचा हुकूम काढला आणि १८२५ मध्ये कुराकापद रद्द केले. समतेच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष. परिणामी गावाकडून भांडणारा माणूस नाहीसा झाला आणि जमीन विकता येण्याजोगी झाली. इंडियनांवरचा कर स्वतंत्र पेरूने १८२६ मध्ये नवे नाव देऊन पुन्हा बसविला, तो १८५४ पर्यंत चालला. निरक्षरांना मताधिकार मिळण्यासाठी १९७९ च्या राज्यघटनेची वाट पाहावी लागली. ज्या देशात केचुआभाषक खेड्यांत शाळाच नव्हत्या तेथे साक्षरतेची अट म्हणजे कोणावरची बंदी होती हे सांगावयास नको. १९८० नंतरच्या यादवीविषयी नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये अहवाल दिला : मृतांचा अंदाज सुमारे एकोणसत्तर हजार, आणि दर चार बळींपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी एखादी मूळ भाषा.

आता उंचीचा प्रश्न. मितेला भौगोलिक हद्द होती. काही प्रांत आत, काही बाहेर. मेलिसा डेल ह्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दक्षिण पेरूमध्ये ह्या हद्दीच्या दोन्ही बाजूंचे असे जिल्हे निवडले की जेथे उंची, हवामान आणि लोक सारखेच आहेत, आणि आजच्या कुटुंबांची तुलना केली. त्यांचा प्रबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हद्दीच्या आतील कुटुंबांचा उपभोग सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी निघाला आणि वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे सहा टक्के-बिंदूंनी अधिक. रद्द झाल्यावर जवळजवळ दोनशे वर्षांनी.

त्यांनी दिलेले कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. मितेच्या हद्दीत सरकारने मोठ्या जमीनदाऱ्या वाढू दिल्या नाहीत, कारण मजुरांवर दुसरा मालक नको होता. हद्दीबाहेर जमीनदाऱ्या झाल्या. जमीनदार पिळणूक करीतच होता, पण त्याला आपला माल बाजारात न्यावयाचा होता म्हणून त्याने सरकारदरबारी वजन वापरून रस्ते करून घेतले. आतल्या गावांकडे ना जमिनीचे पक्के कागद होते ना वजन. आजही तेथे रस्ते विरळ आहेत आणि शेती पोटापुरती आहे. ह्यावरून कोणी जमीनदारी बरी असा निष्कर्ष काढील तर तो चूक होईल. तुलना दोन प्रकारच्या जखमांची आहे. न झालेल्या जखमेशी नाही. मात्र आम्हां प्रशासकांना एक गोष्ट ओळखीची वाटावी : रस्ता गरजेने होत नाही, मागणाऱ्याच्या वजनाने होतो.

मी खनिजांच्या एका जिल्ह्यात काम केले आहे. तेथे ‘बाधित गावांची यादी’ नावाचा एक कागद होता, कित्येक वर्षांपूर्वीच्या मोजणीवर आधारलेला. यादीतील गावांना पाण्याची टाकी आणि शाळेची खोली मिळे. यादीबाहेर, ओढ्याच्या पलीकडे, एक पाडा होता. धूळ तिथेही तितकीच पडे. पाड्यावरचे लोक दर सोमवारी अर्ज आणीत आणि मी त्यावर ‘नियमानुसार तपासून सादर करावे’ असे लिहीत असे. माझी बदली झाली तेव्हा तो पाडा यादीबाहेरच होता. डेलबाईंचा प्रबंध मी त्यानंतर वाचला.

एक बाजू राहिली, ती न सांगणे अन्यायाचे होईल. जिंकलेले लोक केवळ परिणाम सोसत राहिले नाहीत. तोलेदोंनी लादलेली आखीव गावे आज त्यांचीच आहेत. तेथील सामायिक भूमीसाठी ते लढतात, आणि वसाहतकाळात मिळविलेली मालकीपत्रे पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपून न्यायालयात पुढे करतात. स्पॅनिश नगरसभेच्या अधिकाऱ्याची चांदीची मूठ असलेली काठी आज अँडीजमध्ये मूळ रहिवाशांच्या गावप्रमुखाची खूण आहे. मिटविण्याची आज्ञा झालेली केचुआ २०१७ च्या जनगणनेत पेरूतील सदतीस-अडतीस लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदविली.

वांकावेलिकाची पाऱ्याची खाण विसाव्या शतकात बंद पडली. शहरातील पुष्कळ घरे कच्च्या विटांची आहेत, आणि त्या विटांसाठी लोकांनी जवळचीच माती घेतली, ज्यात पारा गाळून उरलेला खाणीचा चोथा मिसळलेला होता. अभ्यासकांनी अलीकडे तेथील घरांच्या भिंती आणि जमिनी तपासल्या. त्यांत पारा निघतो. माणसे त्या घरांत राहत आहेत.